४०६० की ४०५०? आधी अडॅप्टरवरचे आकडे वाचा

तासगावच्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगा सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, विश्रामबागेत तिघांत एक खोली. बजेट ८५ हजार. दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले: एक पातळ, दिसायला देखणा, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्डाचा, ८४ हजारांना, दुसरा जाडजूड, आरटीएक्स ४०५० चा, ७८ हजारांना. मुलाचा हट्ट ४०६० चा, कारण आकडा मोठा. वडिलांना शंका, की एवढं पातळ यंत्र तापणार. खेळायचं व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि सायबरपंक २०७७. शिवाय कॉलेजचं कोडिंग आणि थोडं कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढणं. चार वर्षं तरी टिकला पाहिजे.

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण हा निकाल ज्या आकड्यावर लागतो तो बहुतेक खोक्यांवर छापलेला नसतो आणि दुकानदारही स्वतःहून सांगत नाही. तो आकडा म्हणजे वॅट.

आरटीएक्स ४०६० हे चिपचं नाव झालं. त्या चिपला वीज किती पाजायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या ४०५० आणि ४०६० या दोन्हींना ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक दिली आहे. म्हणजे एकाच नावाखाली ३५ वॅटवर कुथणारी चिपही विकली जाते आणि ११५ वॅटवर पळणारीही. पाच एचपीची मोटर बसवली आणि तिला एक इंची पाइप जोडला, तर रानात पाणी किती पोचेल? मोटरच्या पाटीवर पाच एचपीच लिहिलेलं असतं. पाणी मात्र पाइपाएवढंच.

आता दोन्ही कार्डं शेजारी ठेवू. ४०६० मध्ये ३०७२ कोअर आणि ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), ४०५० मध्ये २५६० कोअर आणि ६ जीबी. कागदावर ४०६० एक पंचमांशाने मोठं. पण पातळ लॅपटॉपमध्ये त्याला ४५-५० वॅटवर बांधून ठेवलं असेल, तर ९५-१०० वॅटवर चालणारं ४०५० त्याच्या बरोबरीला येतं, काही खेळांत पुढेही जातं. दुसऱ्या टोकालाही एक गंमत आहे. ‘१४० वॅटचं ४०६०’ अशी जाहिरात दिसली तर तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नका. प्रत्यक्ष खेळात ही दोन्ही कार्डं साधारण १०० वॅटच्या पुढे फारशी जातच नाहीत, कारण चिपची व्होल्टेजची मर्यादा आधी आडवी येते. तेव्हा ६० च्या खाली नको, ८० ते १०० उत्तम, त्यावरचं सगळं जाहिरातीचं.

हा आकडा शोधायचा कसा? कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ असं काही दिलं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर दुकानात डेमोचा लॅपटॉप चालू करायला सांगा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, खाली डाव्या कोपऱ्यात ‘सिस्टम इन्फर्मेशन’ आहे ते दाबा. त्या यादीत मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवरची ओळ असते. तिथला आकडा डायनॅमिक बूस्ट धरून असतो, म्हणजे प्रोसेसर निवांत असताना त्याच्या वाट्याची उधार मिळणारी वीजही त्यात मिळवलेली असते. ही उधारी साधारण ५ ते २५ वॅटची असते. ती वजा करून बघितलेलं बरं.

डेमो नसेल, लॅपटॉप सीलबंद असेल, दुकानदार ‘फुल पॉवर आहे साहेब’ एवढंच म्हणत असेल, तर शेवटचा उपाय: अडॅप्टर. त्याच मॉडेलचा अडॅप्टर मागा, उलटा करा आणि स्टिकरवर ‘आउटपुट’ लिहिलेली ओळ वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर. २० व्होल्ट आणि ६ अँपिअर असेल तर १२० वॅट. २० आणि ८.५ म्हणजे १७० वॅट. २० आणि ११.५ म्हणजे २३०. आता हिशेब मांडा: ग्राफिक कार्डाला १००, प्रोसेसरला ४५, स्क्रीन, पंखे, एसएसडी मिळून १५-२०. बेरीज १६० च्या पुढे गेली. १२० वॅटचा अडॅप्टर देऊन कोणी ‘पूर्ण ताकदीचं ४०६०’ विकत असेल तर ती ताकद येणार कुठून? एक तर कार्ड ५०-६० वॅटवर बांधलेलं आहे, नाही तर चार्जर लावलेला असतानाही खेळता खेळता बॅटरी उतरत जाईल. दोन्ही प्रकार बाजारात आहेत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं. पातळ लॅपटॉपचा अडॅप्टर १२० ते १४० वॅटचा निघाला तर तो सोडा आणि ७८ हजारांचा जाड घ्या. मात्र त्याचाही अडॅप्टर १७० च्या पुढे आहे ना, ते बघून. पातळ लॅपटॉपबरोबर १७० किंवा त्याहून मोठा अडॅप्टर येत असेल तर ४०६० घ्या, कारण त्याची जादा २ जीबी व्हीरॅम चार वर्षांच्या हिशेबात फार उपयोगी पडते.

त्या व्हीरॅमबद्दल थोडं. ती कमी पडली की खेळ हळू होत नाही, अडखळतो. सेकंदाला सरासरी ६० फ्रेम (चित्रं) दिसतात, पण वळणावर गाडी वळली की अर्धा सेकंद सगळं थिजतं, भिंतींवरची चित्रं आधी धूसर येतात आणि मग सावकाश स्पष्ट होतात. कारण कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत न मावलेला माल लॅपटॉपच्या साध्या रॅममधून आणावा लागतो आणि तो रस्ता अरुंद आहे. व्हॅलोरंटला याचं काही वाटत नाही, ४ जीबीतही ते सुखाने चालतं. जीटीए ५ ची जुनी आवृत्तीही. सायबरपंक मात्र ६ जीबीवर रे ट्रेसिंग, म्हणजे उजेड-सावल्यांचा खराखुरा हिशेब, लावलं की गुदमरतं. तिथे टेक्श्चर ‘मीडियम’, रे ट्रेसिंग बंद, डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणारी सोय) ‘क्वालिटी’ वर ठेवलं की ४०५० वरही नीट खेळता येतं. ४ जीबीवाली २०५० आणि ३०५० ही कार्डं या बजेटमध्ये कोणी दाखवली तर पुढच्या दुकानात जा. आणि त्याच पैशांत कुठे आरटीएक्स ५०५० मिळत असेल तर ४०५० च्या आधी ते बघा. त्यात ८ जीबी आहे. वॅटचा नियम त्यालाही लागू.

एक मक्स स्विच नावाचा प्रकार असतो. तो नसेल तर मोठ्या कार्डाने काढलेलं प्रत्येक चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून वळसा घेऊन स्क्रीनवर येतं आणि व्हॅलोरंटसारख्या दोनशे-दोनशे फ्रेमच्या खेळात तेवढा वळसाही जाणवतो. असला तर उत्तम, नसला म्हणून मोडता घालू नका.

प्रोसेसरमध्ये लोक विनाकारण अडकतात. इंटेलचं शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे कमी विजेचा, खेळासाठी नको, एच ठीक, एचएक्स जोरात, पण तापट, आणि आपल्याकडच्या उन्हात तापटपणाची किंमत मोजावी लागते. आय५-१२४५०एच सारखा काही वर्षं जुना प्रोसेसरही ४०५० ला पुरतो. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा. ७५३५ मधला ३ सांगतो की आतली रचना झेन ३ च्या पिढीची आहे, ७६४० मधला ४ म्हणजे झेन ४. पहिला ७ फक्त वर्षाचा, त्यावर भुलू नका. आणि रायझन ७ ७४३५एचएस हा स्वस्तात दिसला तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्यात छोटं ग्राफिक्स नाहीच. म्हणजे वर्गात नुसती पीडीएफ उघडली तरी मोठं कार्ड जागं राहतं आणि बॅटरी दोन-अडीच तासांत हात वर करते. खोलीवर टेबलावरच ठेवायचा असेल तर हरकत नाही. रोज कॉलेजला न्यायचा असेल तर घेऊ नका.

रॅमचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण इथे सर्रास फसवणूक होते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. १६ जीबी हवी, हे सगळे सांगतात. ती १६ ची एक पट्टी आहे की ८ च्या दोन, हे कोणी सांगत नाही. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीचे दोन रस्ते मिळतात, एक असली की एकच. सरासरी फ्रेममध्ये फरक खेळानुसार कधी पाच टक्के, कधी वीस. पण चकमकीच्या ऐन क्षणी फ्रेम किती खाली कोसळतात, तिथे हा फरक खरा बोचतो. व्हॅलोरंट प्रोसेसर आणि मेमरीवर चालणारा खेळ आहे, ग्राफिक कार्डावर कमी. तेव्हा मुलगा संध्याकाळचे तीन तास तेच खेळणार असेल तर ४०५०-४०६० च्या वादापेक्षा दुसरी पट्टी महत्त्वाची. तपासायला सोपं आहे: टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे ‘दोनपैकी एक’ दिसलं तर एकच पट्टी आहे. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती पुढे बदलता येत नाही, तेही इथेच विचारून घ्या.

‘आत्ता ८ घ्या, पुढच्या वर्षी स्वस्तात वाढवू’ हा जुना सल्ला आता विसरा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत आणि सुटी पट्टी घ्यायला गेलं की लॅपटॉपमध्ये वाचवलेले पैसे तिथे जातात. जी रॅम कंपनीकडून बसून येते तीच सध्या स्वस्त पडते.

एसएसडी ५१२ जीबीची चालेल, पण दुसरा रिकामा एम.२ स्लॉट, म्हणजे आणखी एक एसएसडी बसवायची खाच, असला पाहिजे. जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या आसपास जागा खातो, सायबरपंक सत्तरच्या पुढे. विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअरं धरली की ५१२ दिवाळीपर्यंत भरते. एसएसडी पूर्ण भरू देऊ नका, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा, नाही तर लिहिण्याचा वेग पडतो.

स्क्रीन १४४ हर्ट्झ, फुल एचडी, बास. त्याहून जास्त रिझोल्यूशन घेतलं तर ते ओढायला कार्डच कमी पडतं. रंगांसाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर लाल रंग विटकरी दिसेल. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर चांगली. खिडकीसमोर बसणार असाल तर ३०० निट्सच्या (उजळपणाचं माप) खाली जाऊ नका. कीबोर्डवरचे रंगीबेरंगी दिवे हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग. बिजागरी मात्र दुकानातच तपासा: झाकण एका कोपऱ्याला धरून हळू उघडा, स्क्रीनची चौकट कुरकुरली किंवा पिळली तर दोन वर्षांत तिथेच तुटणार.

आता उष्णता. यूट्यूबवर जे तज्ज्ञ तपमान दाखवतात ते बहुधा एसीच्या खोलीत, २३-२५ अंशांत बसलेले असतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी त्याहून वाईट हाल असतात. हवा जेवढी अंश तापलेली, जवळजवळ तेवढेच अंश चिपच्या तपमानात वाढतात, कारण पंखा शेवटी खोलीतलीच हवा आत ओढतो. त्या व्हिडिओत ८५ अंशांवर असलेला प्रोसेसर तुमच्या खोलीत शंभरीला पोचणार. साधारण ९५ ते १०० अंशांवर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि खेळ अर्ध्या तासाने अडखळायला लागतो. मुलं म्हणतात लॅपटॉप बिघडला. बिघडलेला नसतो. म्हणून मागच्या बाजूला आणि कडेला मिळून निदान तीन-चार झरोके असलेला, दोन पंख्यांचा, थोडा जाड लॅपटॉप आपल्या भागात शहाणपणाचा. तुमची शंका इथे खरी ठरते. पाटण-महाबळेश्वरकडच्या माणसाने पातळ घेतला तर त्याचं एक वेळ निभेल. सांगली, तासगाव, माण-खटावकडे पातळ घ्यायचाच झाला, तर हे पंखे आणि झरोके आधी मोजून.

घेतल्यावरही तीन गोष्टी करा. पहिली: लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली दोन-तीन सेंटिमीटरचा आधार द्या. पाचशे रुपयांचा स्टँड असो की पाण्याच्या बाटल्यांची दोन झाकणं, हवेला फरक पडत नाही. हवा खालून आत जाते, तेवढी वाट मोकळी हवी. वाकळीवर, गादीवर ठेवून खेळलं की ती वाट पूर्ण बंद. दुसरी: एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ लावा, सायबरपंकला ६०, व्हॅलोरंटला १४४. स्क्रीन १४४ दाखवते आणि कार्ड २३० काढत बसलं, तर वरच्या ८६ फ्रेमची नुसती उष्णताच होते. स्पर्धेत खेळणारे यावर वाद घालतील, घालू द्या. तिसरी, उन्हाळ्यापुरती: पॉवर ऑप्शन्सच्या ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. एक टक्का कमी केल्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरची तात्पुरती जादा धाव, बंद होतो आणि प्रोसेसर एकदम दहा-पंधरा अंशांनी थंड पडतो. सायबरपंकमध्ये फ्रेम फारशा घटत नाहीत, व्हॅलोरंटमध्ये घटतात. काही मॉडेलांवर हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्याच ॲपमधला ‘बॅलन्स्ड’ मोड वापरा.

धुळीचं आपल्याकडे खास प्रकरण आहे. गाळप हंगामात कारखान्याच्या पट्ट्यात सकाळी गच्चीवर काळी काजळी पसरलेली असते, ती उसाच्या चिपाडाची राख. मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची बारीक पूड हवेत असते. ही धूळ पंख्याच्या पात्यांवर नाही, त्यापुढच्या तांब्याच्या बारीक जाळीवर बसते आणि वर्षभरात तिथे नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. पंखा मात्र जोरात घोंगावतो आणि झरोक्यातून येणारी हवा मंद होते. ओळखायची खूण हीच: आवाज वाढला, वारा कमी झाला. सहा महिन्यांनी खालचं झाकण उघडून ब्लोअरने साफ करा, पण त्या वेळी पंख्याची पाती काडीने किंवा बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या जोराने पंखा वेड्यासारखा फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. वॉरंटी असेपर्यंत झाकण उघडलेलं चालतं का, ते कंपनीला आधी विचारा. आणि तुमच्या मॉडेलमध्ये चिपची उष्णता पुढे पोचवायला थर्मल पेस्टऐवजी लिक्विड मेटल असेल तर चौकातल्या दुरुस्तीवाल्याला हीटसिंक (चिपवरचा थंड करणारा धातूचा भाग) काढू देऊ नका. तो पाऱ्यासारखा धातू वीज वाहून नेतो. थेंब बोर्डावर सांडला की बोर्ड गेला.

विजेचं बोलू. अडॅप्टरवर ‘इनपुट १०० ते २४०’ असं छापलेलं असतं. म्हणजे गावाकडे व्होल्टेज १६०-१७० वर आलं तरी अडॅप्टरला काही होत नाही, तो थोडा जास्त करंट ओढून काम भागवतो. त्यासाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. घात होतो तो उलट्या बाजूने: लाइट जाऊन येताना बसणारा झटका, डीपीवर न्यूट्रल तुटल्याने घरात शिरणारं भलतं व्होल्टेज आणि वळवातली वीज. चांगला स्पाइक गार्ड पहिल्या प्रकारात वाचवतो, बाकी दोन्हींत भरवसा नाही. वळवाचं आभाळ भरून आलं की प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

लॅपटॉपच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं, विशेषतः धातूच्या झाकणाला. ही तक्रार घेऊन लोक लॅपटॉप परत करायला जातात. बहुतेक वेळा दोष खोलीच्या अर्थिंगचा असतो. भाड्याच्या खोल्यांत तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. अडॅप्टरमधल्या फिल्टरची गळती जमिनीत जायच्या ऐवजी लॅपटॉपच्या अंगावर येते. जीव जाण्याइतकी ती नसते, पण एचडीएमआयची वायर लावताना पोर्ट मारू शकते. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, घरमालक कुरकुरला तरी. थ्री-पिनला टू-पिनचा जोड लावून वापरणं म्हणजे हाच त्रास विकत घेणं.

तिघांची खोली आहे म्हणून आणखी एक. २३० वॅटचा अडॅप्टर भिंतीतून जेमतेम सव्वा अँपिअर ओढतो, साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो जड नाही. पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर १५०० वॅटची चहाची किटली लावली की ती एकटीच साडेसहा अँपिअर घेते. बोर्ड तापतो, प्लगची पिन काळी पडते, संपर्क ढिला होऊन ठिणगी उडते, आणि दोष लॅपटॉपला जातो. किटलीला वेगळं सॉकेट.

बॅटरीवर खेळायचा विचारच करू नका. चार्जर काढला की कार्डाची वीज निम्म्याहून खाली जाते, फ्रेम कोसळतात आणि तासाभरात बॅटरी संपते. लाइट गेली तर चालू सामना पूर्ण करण्यापुरती तिची सोय. त्यासाठी राउटरला बाराशे-पंधराशेचा छोटा यूपीएस लावलात तर खरा उपयोग, कारण लॅपटॉप चालू असतो आणि इंटरनेटच गेलेलं असतं. आणि शक्य तिथे लॅनची वायर लावा. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, खोलीपासून राउटरपर्यंतच्या वायफायमध्ये पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) उगाच वर-खाली होतो. दिवसभर चार्जर लावूनच ठेवणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा. सतत १०० वर आणि गरम राहिलेली बॅटरी फुगते. टचपॅड मधोमध वर आल्यासारखं वाटलं, क्लिक घट्ट झालं, की ती फुगलेली बॅटरी समजा आणि लॅपटॉप त्या क्षणी बंद करा.

सर्व्हिसचं दुकानात तोंडी विचारू नका. कंपनीच्या टोल फ्रीवर फोन करून खोलीचा पिनकोड सांगा आणि विचारा: या पिनकोडला माणूस घरी येतो, की लॅपटॉप आम्ही न्यायचा? ‘ऑनसाइट वॉरंटी’ लिहिलेलं असतं, पण ती सगळ्या पिनकोडना असतेच असं नाही. सांगलीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटर, ते एक वेळ जमतं. दर खेपेला पुण्याला धाव घ्यावी लागणार असेल तर दोन हजारांनी स्वस्त मिळालेला लॅपटॉप महाग पडतो. जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि घरी आल्याबरोबर कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू दिसते ते बघा. दुकानात सहा महिने पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली दिसते. बिल पाठवलं की ती दुरुस्त करून मिळते, पण मागावी लागते. अपघाती नुकसानीचं संरक्षण जोडायला मुदत असते, तेव्हा घ्यायचंच असेल तर पहिल्याच आठवड्यात. तीन मुलांच्या खोलीत चहा सांडणार, हे धरूनच चाला.

पहिला आठवडा तपासणीचा. खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. रात्री अंधारात पूर्ण काळी स्क्रीन लावून कडांनी उजेड झिरपतो का बघा, मग पांढरी लावून काळे ठिपके शोधा. प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह घाला. मग अडॅप्टर लावून अर्धा तास सायबरपंक चालवा आणि एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर स्क्रीनच्या कोपऱ्यात ठेवून कार्डाचे वॅट, तपमान आणि फ्रेम बघा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे आणि तिसाव्या मिनिटाचे आकडे कागदावर लिहा. वॅट ९० वरून ६० वर उतरलेले दिसले तर थंड करण्याची यंत्रणा कमी पडते आहे, आणि बदलून घ्यायची मुदत संपण्याआधी तक्रार करायला हाच पुरावा.

मुलगा इंजिनिअरिंगचा आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो: कॉलेजच्या कामासाठी तो कधी तरी विंडोजच्या जोडीला उबुंटू (लिनक्स) टाकणार, आणि टाकताना कोणी तरी ‘सिक्युअर बूट बंद कर’ म्हणून सांगणार. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. दुसऱ्या दिवशी खेळ उघडत नाही आणि लॅपटॉप खराब निघाला म्हणून घरी फोन येतो. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट परत चालू केलं की काम झालं.

आणि सुट्टीत लॅपटॉप तासगावला येईल तेव्हाचं. बेदाण्याच्या शेडजवळ घर असेल तर गंधकाची धुरी चालू असताना लॅपटॉप त्या बाजूच्या खोलीत ठेवू नका, चालू तर मुळीच नको. तो धूर हवेतल्या ओलाव्याशी मिळून धातूचे सांधे खातो, आणि पंखा तोच धूर ओढून थेट बोर्डावर सोडतो. धुरीच्या दिवसांत बॅगेत घालून, चेन लावून, घराच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटात.